जुना पार्ट घेऊन या

"पार्ट बंद झाला" हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी इतक्या दुकानांत ऐकलं आहे की आता काउंटरवरच्या माणसाने तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं. व्याकरण शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला या वाक्यातली गोम लगेच दिसते. पाऊस बंद झाला हे ठीक आहे, पावसाला जाब विचारणार कोण? पण पार्ट काही आपोआप बंद होत नाही. कुणीतरी, कुठल्यातरी साली, एका कागदावर सही करून तो बंद केलेला असतो. त्या सहीबरोबर आणखी काय काय कपाटात गेलं, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

आमच्या जीपची कुळकथा नातेवाईक मंडळींना पाठ आहे, त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. १९६५ सालची महिंद्राची जीप, मॉडेल सीजे-थ्री-बी, आमच्या थोरल्या चुलत्यांनी घेतलेली. ऊस, खत, वऱ्हाडं, अडलेल्या बाळंतिणी, निवडणुकीचे कर्णे, सगळं तिने वाहिलं. ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना, तेव्हा धाकट्या भावाने तिचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवलं. त्या काळात आमच्या भागात सगळेच हे करत होते. १९९८ पासून ती गावच्या शेडमध्ये उभी होती आणि कोंबड्या मागच्या बाकाखाली अंडी घालत होत्या. आता पुतण्याने मनावर घेतलं आहे. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. दर रविवारी गावी जातो आणि जीप खोलून बसतो. मी त्याचा अवैतनिक कारकून. नंबर उतरवून घेणं, फोन करणं, दुकानोदुकानी जाऊन "आहे का हो?" विचारणं ही खाती माझ्याकडे. "त्यापेक्षा नवी थार घ्या की," असं आमच्या भगिनी दर दिवाळीला म्हणतात. असो.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण पुढच्या वादाचं मूळ त्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला लहान, हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. लष्कराची अट अशी की एका कंपनीच्या गाडीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या गाडीला बसला पाहिजे. रणांगणावर बंद पडलेल्या जीपशेजारी उभं राहून 'ही कुणाची' असा प्रश्न पडताच कामा नये. फोर्डने मात्र आपण बनवलेल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा, आपलं इंग्रजी 'एफ' अक्षर उठवलं. आज गंमत अशी की युद्धातली जीप दुरुस्त करणारे हौशी लोक हे 'एफ' असलेले बोल्ट शोधत जगभर फिरतात आणि साध्या बोल्टाच्या कितीतरी पट किंमत मोजतात. कुणाचा भाग कुणालाही बसावा म्हणून जन्मलेली गाडी, आणि आता तिच्या बोल्टांचंही गोत्र बघतात!

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे जीप इथेच बनू लागली. सीजे-थ्री-बी अमेरिकेत १९५३ साली आली. तिचं बॉनेट उंच का, असं मला विद्यार्थी विचारत (शाळेच्या सहलीला एकदा हीच जीप नेली होती). कारण इंजिन. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये बसवलेले आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट वर गेलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली थांबलं, पण भारतात त्याचा वंश पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. तहसीलदार, पाटबंधारे खातं, साखर कारखाना, कुटुंबनियोजनाचं पथक, आणि नंतर तिच्याच लांब केलेल्या बहिणींमधून चालणारं वडाप. ग्रामीण महाराष्ट्राने सरकार पहिल्यांदा पाहिलं ते बहुतेक जीपमधून उतरताना.

इतकी वर्षं, इतक्या संख्येने बनलेली गाडी. तिचे भाग मिळायला अडचण ती काय, असं कुणालाही वाटेल. काही भाग मिळतातही. दिल्ली-पंजाबकडचे कारखानदार जुन्या विलीजचे भाग बनवून अमेरिकेला पाठवतात. फिलिपाइन्समध्ये तर अख्ख्या जीपच्या बॉड्या पत्र्यातून नव्याने बनतात. पण जे पुष्कळ खपतं तेच बनतं. ब्रेकचे लायनर, क्लच प्लेट, क्रॉस, पाट्यांचे बुश हे मिळतं. घोडं अडतं ते वर्षाकाठी चार जणांनाच लागणाऱ्या वस्तूंवर.

शोधायचं कसं, याचं एक शास्त्र आहे. ते मला या वयात शिकायला मिळालं हा माझा फायदा. पहिली पायरी म्हणजे पार्ट्स कॅटलॉग. त्यात गाडीचा प्रत्येक अवयव सुटा करून, हवेत लोंबकळल्यासारखा काढलेला असतो आणि शेजारी आकडा. मला हे पुस्तक शब्दकोशासारखं वाटतं. नावं बदलतात, म्हणजे एकाच भागाला कोल्हापूरचा मिस्त्री एक म्हणेल आणि पुण्याचा दुसरं, पण नंबर एक. तोच नंबर घेऊन मी एका अधिकृत विक्रेत्याच्या काउंटरवर गेलो. मुलाने संगणकावर तो टाकला, पुन्हा टाकला आणि म्हणाला, "काका, हा नंबर सिस्टीममध्येच नाही." बंद झाला असंही नाही. कधी नव्हताच! त्या मुलाचा दोष नाही. त्याच्या जन्माआधी कुणीतरी ती ओळ पुसून टाकली होती.

दुसरी पायरी म्हणजे नंबरांची वंशावळ. कंपनी एक नंबर रद्द करून त्याच भागाला दुसरा देते, मग तिसरा. जुन्या नंबरावर 'नाही' म्हणणारा दुकानदार नव्या नंबरावर तीच वस्तू काढून देतो. तिसरी युक्ती मला पुण्यात नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितली आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बेअरिंग आणि ऑइल सील ही जीपची नसतातच. ती बेअरिंगवाल्यांची असतात. जीपचा नंबर विसरा, बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला नंबर वाचा, तोही झिजला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. तेच बेअरिंग एखाद्या ट्रॅक्टरला किंवा पंपाला लागत असेल तर आजही नवंकोरं मिळतं. आम्हाला अशी पाच मिळाली.

आणि रबर. जुन्या साठ्यातलं, मूळ कंपनीचं, सीलबंद पुडक्यातलं रबर मिळालं म्हणून हरखून जाऊ नये. पुडकं फोडलं की आत बिस्किट निघतं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं (माणसांसारखंच, पण तो विषय वेगळा). रबराचे भाग नवेच घ्यावेत, तिथे 'मूळ' हा शब्द निरर्थक आहे.

नाना पेठ असो, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की दिल्लीचं काश्मिरी गेट, सगळीकडे एक वाक्य समान: "जुना पार्ट घेऊन या." नमुना दाखवा, मग बघू. हे वाक्य वरवर साधं आहे. पण आमचं सगळं रामायण त्या वाक्यात घडलं.

जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे एक पेटी असते, ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून द्यायचं काम तिचं. आमच्या जीपची ही पेटी इतकं तेल गाळत होती की शेडमध्ये खाली ताट ठेवावं लागे. (मिस्त्री लोक म्हणतात, जीप तेल गाळत नसेल तर समजा तिच्यात तेलच नाही.) उघडल्यावर दिसलं की आतला मधला शाफ्ट, ज्यावर गिअर सुयांसारख्या रोलरांवर फिरतो, तो खाचा पडून झिजला आहे. नवा शोधायला निघालो. तेव्हा कळलं की बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या पेटीत वेगवेगळ्या काळात तीन जाडीचे शाफ्ट आले. युद्धातल्या जीपला पाऊण इंची, मग एक पूर्णांक एक अष्टमांश इंची, आणि नंतर सव्वा इंची. दिल्लीहून एका विक्रेत्याने छातीठोकपणे पाठवलेला शाफ्ट पार्सलमधून निघाला तो भलत्याच जाडीचा. परत पाठवायचं भाडं आमच्याच माथी.

मग कुर्ल्याला गेलो. तिथे एका बोळात एक जीप गॅस कटरने कापत होते. पत्रा बरा होता. चासी सरळ होती. पुतण्या म्हणाला, "ही चालू होऊ शकली असती, काका." कापणारा म्हणाला की अख्खी विकून जेवढे येतात त्यापेक्षा सुटे भाग आणि किलोवर भंगार मिळून जास्त येतात. हिशेब त्याच्या दृष्टीने चोख आहे. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण गिऱ्हाईक आम्हीच होतो. 'मूळ कंपनीचाच पार्ट हवा' म्हणून दारात उभे राहणारे आमच्यासारखे लोक जितके वाढतील तितकी प्रत्येक गिअरची किंमत वाढेल आणि तितक्या जास्त जिपा त्या बोळात कापल्या जातील. एक उभी करायला दोन-तीन मोडायच्या, आणि याला आपण वारसा जपणं म्हणायचं.

त्या दिवशी आम्ही शाफ्ट न घेता परत आलो. पैसे वाचावेत हा विचारही होताच, उगीच साधुत्वाचा आव आणत नाही.

कोल्हापूरला परतल्यावर उद्यमनगरात गेलो. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, कोल्हापूर म्हणजे फक्त चप्पल आणि तांबडा-पांढरा नव्हे. ऑइल इंजिनं आणि ओतकामाच्या भट्ट्या यांवर इथल्या कितीतरी पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. तिथे एक सत्तरीचे लेथवाले आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी झिजलेला शाफ्ट हातात घेतला, फिरवला आणि विचारलं, "धातू कुठला?" आम्ही गप्प. त्यांनी तो ग्राइंडरवर जरासा टेकवला, उडालेल्या ठिणग्यांचा फुलोरा डोळे बारीक करून पाहिला आणि पोलादाचा अंदाज बांधला. माप कुठून घेणार, सगळा तर झिजलेला? तर टोकाला, जिथे तो पेटीच्या भोकात घट्ट बसतो आणि रोलर पोचत नाहीत, तेवढी पट्टी मूळ जाडीची शिल्लक असते. ती मोजली. ईएन ३५३ नावाचं पोलाद वापरायचं ठरलं, गिअरसाठी आपल्याकडे ते चालतं. लेथवर काढायचं, मग वरचा थर कडक करायला हीट ट्रीटमेंटला पाठवायचं आणि त्यानंतर ग्राइंडिंग करून नेमक्या मापाला आणायचं. तीन आठवड्यांनी शाफ्ट बसला. ताट काढून ठेवलं आहे.

हा प्रसंग सविस्तर सांगितला तो यासाठी की तिथे जे सगळं अंदाजाने करावं लागलं, ते कुठेतरी लिहिलेलं आहे. धातू कुठला, किती खोलपर्यंत कडक करायचा, जाडीत कमी-जास्त किती चालेल, हे सगळं कारखान्याच्या आराखड्यात असतं. वस्तू हातात असली तरी तिच्यातून हे वाचता येत नाही. झिजलेल्या नमुन्यावरून नक्कल केली की झीजही नक्कल होते. मापं तंतोतंत जुळली आणि पोलाद हलकं निघालं तर गिअरचे दात सहा महिन्यांत झडतात, आणि लोक म्हणतात, "लोकल माल, दुसरं काय होणार."

ओतकामात तर याहून मजा. आमच्या पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलेला आहे. तोच मातीत दाबून साचा केला आणि बीड ओतलं तर? बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. दहा इंचांमागे एक दशांश इंच कमी. म्हणजे स्टडची भोकं स्टडांवर येणारच नाहीत. म्हणून लाकडी पॅटर्न करणारा सुतार वेगळी पट्टी वापरतो, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. ही पट्टी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा थक्क झालो. शिवाय ज्या कडा नंतर घासून सपाट करायच्या तिथे जास्तीचं बीड सोडावं लागतं. नक्कलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी नक्कल असं चालू राहिलं तर वस्तू दर पिढीला आकसत आणि बिघडत जाते.

मराठीच्या मास्तराला इथे एकच गोष्ट आठवणार. ज्ञानेश्वरीच्या हातोहात झालेल्या नकलांमधून इतके पाठभेद शिरले की एकनाथांना शके १५०६ मध्ये बसून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. लेखनिकांची भक्ती कमी नव्हती. समोर मूळ प्रत नव्हती, एवढंच.

माझं म्हणणं त्यामुळे सरळ आहे. कंपनीने पार्ट बनवणं थांबवावं, तो तिचा हक्क आहे. चार गिऱ्हाइकांसाठी यंत्र चालू ठेवा असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या दिवशी तो बंद केला त्या दिवशी त्याचा आराखडा खुला करावा. ज्याला हवा त्याने नाममात्र पैसे भरून प्रत घ्यावी आणि आपल्या गावच्या लेथवाल्याकडून बनवून घ्यावा. त्यात कंपनीचं गुपित काय फुटणार आहे? पेटंटची मुदत २० वर्षं, नोंदणी केलेल्या डिझाइनला जास्तीत जास्त १५. साठ वर्षांपूर्वीच्या शाफ्टवर कसला मालकी हक्क शिल्लक आहे? उरला आहे तो फक्त कपाटाच्या किल्लीचा हक्क. आणि कपाटातला कागद म्हणजे रबर नव्हे, पण वाळवी त्यालाही लागते.

कायद्यानेही हा प्रश्न आता निकडीचा केला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम काढले. २० हजार रुपये भरायचे, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नोंदणी दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला ती गाडी काढायची नाही, प्रदर्शन किंवा रॅली वगैरेंपुरती काढायची. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत बदल केलेला चालणार नाही. अट मला मान्य आहे. पण आमच्यासारख्या डिझेल बसवलेल्या हजारो जिपांना मूळ स्वरूपात यायचं तर पेट्रोल इंजिन पुन्हा बसवावं लागणार, आणि त्याचे भाग 'सिस्टीममध्येच नाहीत'. एका हाताने मूळ स्वरूप मागायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचा नकाशा कुलपात ठेवायचा, असं झालं. गेली काही वर्षं 'राईट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा चालू आहे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने त्यासाठी समितीही नेमली, आणि तिच्या विषयांत मोबाइल, शेतीची अवजारं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. बंद पडलेल्या मॉडेलांच्या आराखड्यांचा विषय त्या चर्चेत यावा, असं माझं मत आहे.

'मूळ' या शब्दाचा बाऊ न करता जगणारी माणसंही आहेत. दार्जिलिंगजवळच्या मानेभंजनपासून ३६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत आजही इंग्रजांच्या चहामळ्यांच्या काळातल्या लँड रोव्हर चालतात. त्यातल्या अनेकींच्या पोटात महिंद्राचं डिझेल इंजिन आहे. भाग मिळेनात म्हणून चालकांनी जे मिळालं ते बसवलं आणि त्या दगडी रस्त्यावर रोजी-रोटी कमावली. मला त्या गाड्या आमच्या शेडमधल्या शुद्ध जीपपेक्षा जास्त आदरणीय वाटतात, पुतण्याला काही वाटो. पण तीही शेवटी नाइलाजाचीच वाट.

लष्कराच्या जोंगाचं दुखणं आणखी वेगळं. निस्सानच्या नमुन्यावर जबलपूरला बनलेली ही दणकट गाडी १९९९ पर्यंत निघत होती. पुढे लिलावात लोकांच्या हाती आली. तिचं चार लिटरचं पेट्रोल इंजिन पोसणं कुणाला परवडणार? त्यामुळे बहुतेकांनी तेही बदललं. तिचे आराखडे तर सरकारी कारखान्याचेच, म्हणजे एका परीने तुमचे-आमचेच. तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे?

"कंपन्या असं कधी करत नसतात," असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. टोयोटाची लँड क्रूझर ४० मालिका १९६० ते १९८४ अशी चोवीस वर्षं निघाली. जगभरच्या वाळवंटांत आणि खाणींत ती अजून आहे. २०२१ साली टोयोटाने जाहीर केलं की या गाडीचे बंद झालेले काही भाग आम्ही पुन्हा बनवून देऊ. जुने पुरवठादार गाठून त्यांनी ते सुरूही केलं. त्यांनी आराखडे वाटले नाहीत, वस्तू बनवून विकल्या, आणि त्यात त्यांचा धंदाही आहे, हे खरं. तरी चाळीस वर्षांनंतर कपाट उघडता येतं एवढं त्यातून सिद्ध झालं. ज्यांना बनवायचं नाही त्यांनी निदान किल्ली द्यावी.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. पुतण्याचा एक मित्र वाहन कंपनीत आहे, त्याने तो काढला. उद्या कुणी खुल्या आराखड्यावरून स्टिअरिंगचा भाग रद्दड पोलादात बनवला आणि घाटात तो तुटला तर जबाबदार कोण? प्रश्न बरोबर आहे. ब्रेक आणि स्टिअरिंग यांत हौस नको. आमच्याही जीपला या दोन ठिकाणी गावठी माल लावायचा नाही, हे आधीच ठरलं आहे. या भागांसाठी बनवणाऱ्याचं नाव आणि तपासणीची खूण सक्तीची करा, नाहीतर ते वगळा. पण त्या भीतीपोटी दाराची बिजागरी, काचेची चौकट, मॅनिफोल्ड आणि पेटीचा शाफ्टही कुलपात का ठेवायचा? शिवाय आराखडा नसल्यामुळे लोक बनवायचे थांबलेत थोडेच? अंदाजाने बनवतातच. अंदाज कमी झाला तर तुटणंही कमी होईल.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही म्हणून मी एक उद्योग चालवला आहे. जो भाग आम्ही बनवून घेतो त्याचं चित्र आलेख कागदावर काढतो. मापं, धातू, हीट ट्रीटमेंट कुठली, ग्राइंडिंग किती, कोणत्या मिस्त्रींनी केलं, तारीख. नंतर गाडी चालवून काय अनुभव आला तेही खाली लिहितो. फळ्यावर छत्तीस वर्षं अक्षर गिरवल्याचा उपयोग आता होतोय. आतापर्यंत तेवीस कागद झाले. उद्यमनगरच्या त्या लेथवाल्यांनाही मी एक वही दिली आहे. आधी हसले. "मास्तर, हे सगळं हातात असतंय," म्हणाले. त्यांचा मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे आणि लेथ घ्यायला दोन गिऱ्हाइकं येऊन गेली आहेत. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा वहीची चार पानं भरलेली होती, पेन्सिलने, मोडीसारख्या वळणाच्या अक्षरात. एका पानावर आमच्या शाफ्टची ती टोकाची पट्टी बाण काढून दाखवली होती.

मॅनिफोल्डचं काम अजून अडलेलं आहे. पॅटर्न करणारे सुतार तयार आहेत, पण तडकलेल्या तुकड्यांवरून दोन स्टडांमधलं अंतर नीट सापडत नाही. आमच्या कॅटलॉगची झेरॉक्स तेलाने चिकटलेली आणि एक्झॉस्टची पानं त्यातून गायब. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या घरी, माळ्यावर, वडिलांच्या-आजोबांच्या ट्रंकेत सीजे-थ्री-बीचं जुनं पार्ट्स कॅटलॉग किंवा सर्व्हिस मॅन्युअल असेल तर कृपया कळवा. पुस्तक नको, त्या पानांचे फोटो पुरेत. आणि कुणाच्या गोठ्यात पेट्रोल इंजिन धूळ खात पडलं असेल तर तेही विकत मागत नाही. मोजपट्टी घेऊन एक तास बसू दिलंत तरी पुष्कळ झालं. चहा आम्ही घेऊन येऊ.